जुन्या बंदुकीचा हट्टी स्क्रू

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमपासून मडिकेरी सुमारे १२० किलोमीटरवर. नोकरी-शिक्षणासाठी कोडगूतून (आपण कुर्ग म्हणतो ते हेच) म्हैसूरला आलेली कोडवा कुटुंबं सप्टेंबरच्या सुरुवातीला वाडवडिलांच्या घराकडे निघतात. भाताची लावणी उरकलेली असते आणि ‘कैल पोळ्द’ हा शस्त्रपूजेचा सण आलेला असतो. बंदुकीवर जे फूल वाहतात, ते आपल्याही ओळखीचं आहे. कळलावी!

कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९पर्यंत वाढवली. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतोच. त्यामुळे पणजोबांची बंदूक नेहमीच्या मेकॅनिककडे टाकता येत नाही, आणि टाकूही नये.

कोडगूचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून स्क्रू आट्यांमध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो. पण त्याला हात लावण्याआधी एक काम करायचंच. नळीच्या तोंडातून ठासायच्या जुन्या बंदुकीत कित्येक वर्षांपूर्वीची दारू तशीच असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही. लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालून खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. खूण तोकडी पडली, तर आत काहीतरी आहे! मग बंदूक तशीच ठेवून जाणत्या, परवानाधारक कारागिराला बोलवायचं.

कारागिराचं खरं हत्यार म्हणजे सबुरी. पातळ तेलाचा थेंब सोडून तो दिवस-दोन दिवस वाट बघतो. तेही बेतानं, कारण दस्त्यात तेल मुरलं की लाकूड मऊ पडतं. स्क्रू ड्रायव्हरचं पातं तो खाचेच्या मापाने घासून घेतो. बाजारातलं निमुळतं पातं वर निसटतं आणि खाच खाऊन टाकतं. आधी स्क्रू किंचित आवळायचा, मग सोडवायचा. गंज तिथेच तुटतो. अगदीच नाही ऐकलं, तर तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने फक्त स्क्रूचं डोकं शेकायचं. ज्योत नळीवर कधीच नाही. दुनळीच्या दोन्ही नळ्या बऱ्याचदा डाखानेच जोडलेल्या असतात.

निघालेला स्क्रू कागदात गुंडाळून वर त्याची जागा लिहून ठेवतात. हातानं घडवलेल्या बंदुकीत एका भोकाचा स्क्रू दुसऱ्यात बसेलच असं नाही.