‘नैराश्याची चैन’ : एका विधानाचं नुकसान मोजायचं कसं?

दुःखी किंवा निराश होण्याची चैन आपल्याला परवडत नाही, अशा अर्थाचं विधान सलमान खानने २०१८ मध्ये केलं. टीका भरपूर झाली. पण तुम्ही संशोधक म्हणून काय विचाराल?

‘यामुळे लोक आजारी पडले’ हे गृहीतक टिकणार नाही. नुकसान शोधायचं ते उपचाराच्या वाटेवर. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्य, चिंता असे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. समजा, आमच्या गडबमधली एखादी मुलगी म्हणाली, “मला डॉक्टरकडे न्या,” आणि घरचे म्हणाले, “ही श्रीमंतांची थेरं!” झालं, उपचार लांबले.

म्हणून प्रश्न असा मांडा: असं विधान ऐकून मदत मागायची तयारी घटते का? सहभागींचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. एकाला हे विधान, दुसऱ्याला दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये स्वतःच्या नैराश्याबद्दल सांगितलेला अनुभव, तिसऱ्याला तटस्थ मजकूर द्या. मग तिघांनाही तेच प्रश्न विचारा.

आणि हो, आधी नैतिकता समितीची परवानगी घ्या. शेवटी प्रत्येकाला खरी माहिती आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. नुकसान मोजताना आपणच ते करायला नको!