दिवसातून चार वेळा

सकाळी ७.३० : डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मुख्य आर्काइव्हमध्ये दिवसातून चार वेळा नवी पॅकेजेस दाखल होतात. आपल्या घड्याळाप्रमाणे पहिली फेरी साडेसातच्या सुमारास, मग दुपारी दीड, संध्याकाळी साडेसात आणि रात्री दीड. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डेबियनचा मिरर, म्हणजे या आर्काइव्हची प्रत, मी सांभाळतो, त्यामुळे माझा दिवसही याच वेळांवर बेतलेला असतो.

९.०० : सर्व्हरच्या खोलीत एसी आणि यूपीएस पाहून झाले की ट्रेस फाइली उघडतो. मुख्य आर्काइव्ह शेवटचं कधी बदललं आणि आपण ते कधी उतरवून घेतलं, हे या फाइलींतल्या तारखांवरून कळतं. तफावत मोठी दिसली तर बाकीची कामं बाजूला ठेवतो.

९.३० : वरच्या मिररकडून एसएसएचवर निरोप येतो आणि आमची एफटीपीसिंक स्क्रिप्ट कामाला लागते. आत आहे आरसिंक, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेला प्रोग्राम. जे बदललं तेवढंच तो आणतो. खरं कसब मात्र क्रमात आहे. आधी नुसती पॅकेजेस उतरवायची, पॅकेजांच्या याद्यांना हात लावायचा नाही. सगळी पॅकेजेस डिस्कवर आली की मग नव्या याद्या घ्यायच्या, आणि जुनी पॅकेजेस त्यानंतरच पुसायची. उलट केलं, तर यादीत नाव आहे पण फाइल नाही अशी वेळ येते आणि प्रयोगशाळेतलं इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकतं. मिरर चालवणाऱ्याने दुसरं काही शिकलं नाही तरी हा क्रम शिकावा.

११.०० : एक विद्यार्थिनी विचारते, "सर, आपल्या मिररचा पत्ता साधा एचटीटीपीचा आहे. मधे कुणी पॅकेज बदललं तर?" तिला मी इनरिलीज फाइल उघडून दाखवतो. त्या फाइलीवर डेबियनची डिजिटल सही असते. तीत याद्यांचे हॅश, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. एक बाइट इकडेतिकडे झाला तरी पॅकेजेस बसवणारा अ‍ॅप्ट ते पॅकेज नाकारतो. मी मुद्दाम जुन्याच याद्या वाटत राहिलो तर? टेस्टिंग आणि अनस्टेबल या डेबियनच्या अजून घडत असलेल्या शाखांच्या इनरिलीजमध्ये मुदतीची तारीखही असते. ती उलटली की अ‍ॅप्ट तक्रार करतो. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुपारी १.३० : दुसरी फेरी. तीच विद्यार्थिनी जेवणानंतर पुन्हा येते, प्रश्न एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या प्रोग्रामचा. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी त्यातला चोरदरवाजा जगापुढे आणला. एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, हे ते शोधत होते. तोवर तो कोड अनस्टेबलमध्ये पोचला होता, पक्क्या आवृत्तीत, म्हणजे स्टेबलमध्ये, नाही. आमच्यासारख्या मिररांनीही तो वाटला, कारण सही बरोबरच होती. पॅकेज वाटेत बदललं नाही एवढंच सही सांगते. मुळातच खोट असेल तर ती काय करणार? मग डेबियनने '५.६.१+रियली५.४.५' अशा आकड्याचं पॅकेज काढलं. आकडा नवा, आतला कोड जुना, म्हणजे सगळ्यांची यंत्रं अपडेट म्हणूनच मागे येतील. तेही मिररांवरूनच घरोघर गेलं.

४.०० : प्रयोगशाळेत नवी बॅच इन्स्टॉलेशन करते आहे. मिरर आवारातच असल्याने बाहेरची लाइन मोकळी राहते. इन्स्टॉलर मराठीतही चालतो, हे सांगितल्यावर दोघे-तिघे लगेच भाषा बदलतात. सुरक्षा अपडेट मात्र मी आमच्याकडे ठेवत नाही. ते थेट डेबियनच्या सुरक्षा सर्व्हरवरून घ्यायचे, कारण तिथे काही तासांचा उशीरही नको.

५.३० : डिस्कचा हिशेब. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ बरोबर रिस्क-व्ही हे प्रोसेसरचं आर्किटेक्चर अधिकृत झालं. आमच्याकडे तशी यंत्रं नाहीत, म्हणून ते वगळून जागा वाचवता येईल. सोर्स पॅकेजेस वगळा, असंही कार्यालयातून सुचवलं गेलं. त्याला मी नकार दिला. प्रोग्राम वाटायचा आणि त्याचा सोर्स कोड मात्र ठेवायचा नाही, हे मला मान्य नाही. नव्या डिस्कसाठी अर्ज लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळची आणि रात्रीची फेरी स्क्रिप्ट पाहील. काही बिघडलं तर तिची मेल येते.