धनादेशाच्या प्रमाणीकरणातील बदल आणि दुर्गम भागाची पूर्वतयारी : सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

धनादेशाला कायदेशीर मान्यता देणारा परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा आहे. मात्र धनादेशाचा कागद कसा असावा, त्याची पार्श्वभूमी किती फिकी असावी, रकमेचा चौकोन नेमका कोठे असावा, याविषयी हा अधिनियम मौन बाळगतो. ते काम प्रमाणीकरणाचे आहे. भारतात १९८० च्या दशकात चुंबकीय शाईच्या पट्टीने (एमआयसीआर) धनादेशाचे स्वरूप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बदलले. दुसरा मोठा बदल रिझर्व्ह बँकेच्या २२ फेब्रुवारी २०१० च्या परिपत्रकाने घडविला. त्यातून आलेले मानक ‘सीटीएस-२०१०’ या नावाने ओळखले जाते.

हा बदल महानगरांत कसा झाला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो तालुक्याच्या शेवटच्या शाखेपर्यंत कसा पोहोचला, याची फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. १९४८ पूर्वी संस्थान असलेला हा प्रदेश आज अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भात, नागली, वरई ही येथील पिके. आणि हंगाम संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीसाठी होणारे स्थलांतर, हे येथील अर्थजीवनाचे परिचित चित्र आहे.

प्रतिमेसाठी घडविलेला कागद

पूर्वी धनादेश प्रत्यक्ष प्रवास करीत असे. तो ज्या बँकेत भरला जाई तेथून समाशोधन गृहात व तेथून खातेदाराच्या बँकेत जाई. चेक ट्रंकेशन सिस्टिम, म्हणजेच सीटीएस, या पद्धतीत कागद भरणा घेणाऱ्या बँकेकडेच थांबतो आणि पुढे त्याच्या प्रतिमा जातात. या पद्धतीचा प्रारंभ नवी दिल्लीत १ फेब्रुवारी २००८ रोजी झाला. चेन्नईत २४ सप्टेंबर २०११ व मुंबईत २७ एप्रिल २०१३ रोजी ती सुरू झाली. कायदेशीर पाया मात्र आधीच घातला गेला होता. २००२ च्या दुरुस्तीने धनादेशाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक प्रतिमेचा समावेश केला.

नवीन मानकातील प्रत्येक तरतुदीचे मूळ या एका गोष्टीत आहे. रंग फिके हवेत, कारण गडद नक्षीवर अक्षर प्रतिमेत हरवते. सही, दिनांक, रक्कम यांच्या जागा सर्व बँकांत सारख्या हव्यात, कारण यंत्र त्या ठरावीक जागीच शोधते. उजेडासमोर धरल्यावर दिसणारे ‘सीटीएस-इंडिया’ जलचिन्ह, अतिनील प्रकाशात उमटणारे बँकेचे बोधचिन्ह आणि छायाप्रत काढताच प्रकट होणारा छुपा शब्द ही सुरक्षाचिन्हे आहेत. येथे एक विसंगती आहे. जलचिन्ह व अतिनील शाई ही चिन्हे पुढे जाणाऱ्या करड्या किंवा काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत दिसत नाहीत. ती पाहू शकतो तो फक्त कागद हाती असलेला कर्मचारी. म्हणूनच अधिनियमाच्या कलम १३१ ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने धनादेशाची सकृद्दर्शनी सत्यता तपासण्याचे कर्तव्य भरणा घेणाऱ्या बँकेवर टाकले आहे. सही ज्याला ओळखता येते त्याच्याकडे कागद नाही आणि कागद ज्याच्याकडे आहे त्याला सही ओळखीची नाही. नव्या व्यवस्थेतील जोखीम या फटीत आहे. अतिनील दिवा नसलेल्या शाखेत नवीन छपाईचा निम्मा उपयोग वाया जातो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

खाडाखोडीचा नियम ग्रामीण खातेदाराला सर्वाधिक जाचला. १ डिसेंबर २०१० पासून, दिनांकाच्या नूतनीकरणाचा अपवाद वगळता, कोणतीही दुरुस्ती असलेला धनादेश प्रतिमाधारित समाशोधनात अग्राह्य ठरला. दुरुस्तीशेजारी पूर्ण सही करण्याची जुनी सवय निरुपयोगी झाली. पुढे रिझर्व्ह बँकेने हा नियम केवळ सीटीएसपुरता असल्याचे स्पष्ट केले. परिणाम असा, की एकच दुरुस्त धनादेश शाखेच्या खिडकीवर ग्राह्य ठरू शकत होता; तोच मुंबईत भरल्यास परत येण्याची शक्यता होती. धनादेश लिहिणाऱ्याला मात्र तो कोठे भरला जाईल, हे ठाऊक नसते.

संक्रमणाचा काळ

जुने धनादेश एका दिवसात बाद करण्यात आले नाहीत. ३१ डिसेंबर २०१२ ही मूळ मुदत तीन वेळा पुढे गेली व अखेरीस ३१ डिसेंबर २०१३ वर आली. त्यानंतर बिगर-मानक धनादेशांसाठी स्वतंत्र समाशोधन ठेवण्यात आले. ते प्रथम आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, नोव्हेंबर २०१४ पासून फक्त सोमवारी, सप्टेंबर २०१८ पासून महिन्यातून एकदा होई आणि ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झाले. कायद्याने वैध पण व्यवहारात दिवसेंदिवस मंद, अशा अवस्थेत जुना धनादेश पाच वर्षे होता. ही सौम्य पद्धत योग्यच होती. तथापि, १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाल्याने ज्याच्यापर्यंत सूचना उशिरा पोहोचते, त्याच्यावर दुहेरी भार पडला. नव्या चेकबुकासाठी तालुक्याच्या गावी मारावी लागणारी फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. बँकांच्या परिपत्रकांत हा खर्च कोठेही मोजलेला नसतो.

शाखा आणि केंद्र

फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नमूद केले, की देशातील सुमारे १८,००० शाखा कोणत्याही औपचारिक समाशोधन व्यवस्थेबाहेर आहेत. त्याआधी सप्टेंबर २०२० पर्यंत १,२१९ बिगर-सीटीएस समाशोधन गृहे सीटीएसमध्ये सामावली गेली होती. उरलेल्या शाखांना ३० सप्टेंबर २०२१ ही मुदत मिळाली. म्हणजे छपाईचे मानक आधी आले आणि ज्या व्यवस्थेसाठी ते केले, ती अनेक शाखांपर्यंत अकरा वर्षांनी पोहोचली.

सुरगाण्याला याचा एक लाभ विशेष आहे. महाराष्ट्र व गुजरात ही दोन्ही राज्ये मुंबई ग्रिडमध्ये होती आणि ग्रिडमधील धनादेश स्थानिक मानला जाई. सीमेपलीकडील धरमपूर किंवा वांसदा येथील व्यापाऱ्याने दिलेला धनादेश त्यामुळे ‘बाहेरगावचा’ राहिला नाही. पूर्वी अशा वसुलीस दिवस आणि शुल्क दोन्ही लागत.

तरीही शाखेत स्कॅनर असेलच असे नाही. शाखेने स्वतः यंत्रणा उभारावी किंवा धनादेश जवळच्या केंद्रशाखेकडे पाठवावेत, असे दोन्ही पर्याय रिझर्व्ह बँकेने दिले होते. दुसरा पर्याय निवडल्यास कागदाचा प्रवास पूर्णपणे संपत नाही. तो फक्त आखूड होतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे सलग समाशोधन होते व खातेदाराच्या बँकेने सायंकाळी ७ पर्यंत निर्णय न कळविल्यास धनादेश मान्य समजला जातो. हे घड्याळ प्रतिमा निघाल्यावर सुरू होते. सुरगाण्याच्या शाखेत सकाळी भरलेला धनादेश टपाल किंवा बससोबत केंद्रशाखेकडे गेला, तर त्याची प्रतिमा त्याच दिवशी निघेल की दुसऱ्या, हे घाटातील रस्त्यावर ठरते. पावसाळ्यात तर ते अधिकच अनिश्चित होते. शाखेनिहाय स्कॅनर व अतिनील दिवा ही मागणी तालुक्यातील महाविद्यालये, सहकारी संस्था व पंचायतींनी एकत्रितपणे बँकांपुढे मांडण्यासारखी आहे.