सावित्रीचे मागणे

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेस वटवृक्षाला सूत गुंडाळून पतीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करण्याचा आचार आपल्याकडे घरोघर चालत आला आहे. ज्या सावित्रीच्या नावे हे व्रत चालते, तिचे आख्यान महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी युधिष्ठिराला सांगितले. दुसऱ्यासाठी मागावे कसे, हे त्या आख्यानातून शिकण्यासारखे आहे.

सत्यवानाला एकच वर्षाचे आयुष्य उरले आहे, हे नारदांचे वचन सावित्रीने विवाहापूर्वीच ऐकले होते. ते दुःख तिने सासरी कोणाजवळही उघड केले नाही. अंध श्वशुर द्युमत्सेन व सासूबाई यांची सेवा करीत ती दिवस मोजीत राहिली. चार दिवस उरले तेव्हा तिने त्रिरात्र व्रत आरंभिले व उपोषित राहून तीन रात्री उभ्याने काढल्या. चौथ्या दिवशी तिने पतीसमवेत वनात जाण्याची अनुज्ञा मागितली. तेव्हा द्युमत्सेन म्हणाला की, ही सून घरात आल्यापासून हिने काही मागितल्याचे आपल्याला स्मरत नाही. असे कधीही काही न मागणारे मुख त्या दिवशी यमधर्मासमोर उघडले.

सत्यवानाचे प्राण घेऊन यम दक्षिणेकडे निघाला आणि सावित्री मागोमाग चालू लागली. यमाने तिला परत जाण्यास सांगितले. तिने वाद घातला नाही की दैवाला बोल लावला नाही. धर्माची व सत्संगाची वचने बोलत ती चालत राहिली. प्रसन्न होऊन यम म्हणाला, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. पतीचा देह वनात पडला असताना तिने पहिल्याने काय मागितले? सासऱ्यांची दृष्टी! दुसऱ्या वराने त्यांचे गेलेले राज्य, तिसऱ्याने आपल्या पित्यास शंभर पुत्र. चौथ्या वराने तिने सत्यवानापासून स्वतःस संतती मागितली. पाचव्या वेळी यमाने ती अट घातली नाही, आणि तेव्हाच तिने पतीचे प्राण मागितले. सावित्रीने यमाला शब्दांत पकडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु आख्यानातील यम तिच्या वचनांनी संतुष्ट होऊन आनंदाने देतो.

प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना अशीच फळत नाही, हा अनुभव कोणत्या घराला नाही? मग ती व्यर्थ गेली काय? याच आख्यानाच्या आरंभी सावित्रीचा पिता अश्वपती पुत्रांसाठी अठरा वर्षे आराधना करतो. देवी प्रसन्न होते आणि पदरी येते ती एक कन्या. त्याने तो प्रसाद मानून मस्तकी धरला. पुढे त्याच कन्येने त्याच्यासाठी शंभर पुत्र मागून आणले. देवाने दिलेल्या उत्तराचा अर्थ कळण्यास कधी एक पिढी जावी लागते, आणि तोवर धीर धरणे हीच श्रद्धा होय.

म्हणून माताभगिनींनो, यंदा वडाला फेरे घालताना पतीच्या आयुष्याबरोबरच सासूबाईंची अधू दृष्टी, दिरांची अडलेली नोकरी, शेजारचे आजारी मूल यांचेही स्मरण ठेवा. आणि पुरुषमंडळींनी त्या दिवशी देवापुढे बसून, आपल्यासाठी उपोषित राहिलेल्या गृहिणीच्या आरोग्यासाठी हात जोडावेत.