रायफलीवरील दुर्बीण : निवड आणि बैठक

राष्ट्रीय छात्रसेनेंत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांस ०·२२ रायफलीचा परिचय असतोच. तिच्यावर भिंग नसतें. मागील छिद्र, पुढील अणी व लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आणावयाचीं असतात. परंतु तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तु एकाच वेळीं स्पष्ट पाहण्याची शक्ति मनुष्याच्या डोळ्यांत नाहीं. दुर्बिणीचा खरा उपकार येथेंच आहे. ती लक्ष्य मोठें करून दाखविते हें गौण. खूण व लक्ष्य हीं जणूं एकाच पडद्यावर आणते, हें मुख्य.

आतां निवड. जवळच्या व चपळ कामास न मोठें करणारी, आंत तांबडा ठिपका दिसणारी कांच पुरते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तींतून पाहतां येतें. लांबच्या लक्ष्यास चौपट किंवा अधिक मोठें दाखविणारी दुर्बीण लागते. मात्र जितकें मोठें दिसतें तितका देखावा संकुचित होतो व हाताचा कंपहि तितकाच मोठा दिसतो. शिवाय अशा दुर्बिणीपासून डोळा सुमारें ८-९ सेंटीमीटर दूर ठेवावा लागतो. जवळ नेल्यास रायफलीच्या धक्क्यानें भुंवई फुटते. मोठा आंकडा पाहून दुर्बीण घेणें हें मोठ्या आवाजावरून गवई निवडण्यासारखें आहे.

निवडीपेक्षां बैठक अवघड. अर्धस्वयंचलित रायफलींत प्रत्येक बारानंतर वायूच्या दाबानें आंतील खटका मागें जातो, रिकामें काडतूस बाहेर फेंकतो व पुढें येतांना नवें काडतूस नळींत बसवितो. हा हिसका दर बारास बसतो. आपल्या सैन्याची ७·६२ मिलिमीटरची सेल्फ-लोडिंग रायफल १९६२ च्या युद्धानंतर इशापूर येथें होऊं लागली. तिचें वरचें झाकण पातळ पत्र्याचें, सफाईसाठीं सरकवून काढावयाचें. दुर्बिणीस जागा तर तीच, पण सैल झाकणावर कसली भरंवशाची बैठक? इंग्रजांनीं आपल्या तशाच रायफलीवर दुर्बीण लावली तेव्हां त्यांस झाकणच निराळें करावें लागलें. पुढें १९९५ सालीं अमेरिकन सैन्यानें खांचांच्या पट्टीचें एक माप ठरविलें. पिकॅटिनी पट्टी ती हीच. पट्टीवर बैठक बसवितांना ती खांचेंत पुढच्या बाजूस दाबून मगच स्क्रू आवळावे. कारण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकविलेलें जडत्व : रायफल मागें उसळते, दुर्बीण जागींच राहूं पाहते, म्हणजेच पट्टीवरून पुढें सरकूं पाहते.

सैलपणाचा हिशेब करून पाहा. दोन कड्यांत १२ सेंटीमीटर अंतर आहे व एक कडें वहीच्या कागदाएवढें, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, हललें. १०० मीटरवर चूक ८ सेंटीमीटरांहून अधिक, ३०० मीटरवर २५ सेंटीमीटर! अंबरनाथच्या सरकारी यंत्र-नमुना कारखान्यांत किंवा उल्हासनगरच्या एखाद्या लहान लेथवर काम करणाऱ्या वडिलांस विचारा. एक दशांश मिलिमीटर त्यांच्या लेखीं फार मोठें अंतर आहे. (दुर्बिणीचीं भिंगें मात्र येथें होत नाहींत, तें काम देहरादूनच्या सरकारी कारखान्यांचें.)

दुर्बीण नळीच्या वर पांचसहा सेंटीमीटर असते, म्हणून दृष्टीची रेषा व नळीची रेषा निराळ्या. बदलापूरच्या फलाटावरून पाहिल्यास रूळ दूरवर मिळाल्याचा भास होतो. येथें रेषा खरोखरच मिळवाव्या लागतात. गोळी नळींतून सुटतांच पडूं लागते, यास्तव नळी किंचित् वर रोखलेली असते. परिणामीं अगदीं जवळ गोळी खुणेच्या खालीं लागते.

ही भेट कोणत्या अंतरावर घडवावयाची तें ठरवून, चांदमारीच्या मैदानांत शिक्षकांच्या देखरेखीखालीं तीन ते पांच बार करावे व त्यांचा मध्य पाहून चकती फिरवावी. एका गोळीवरून चकती फिरवूं नये. बहुतेक दुर्बिणींत चकतीच्या एका टिचकीस पाव कला, म्हणजे १०० मीटरवर सुमारें ७ मिलिमीटर, फरक पडतो. नंतर प्रत्येक स्क्रूवर व बैठकीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली कीं स्क्रू फिरला असें समजून, तो आवळून पुन्हां पहिल्यापासून बार करून पाहावे.