गड उतरताना पाय का दुखतात?

नवरात्रात आपल्या भागातील अनेक मंडळी माहूर गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला जातात. चढताना दम लागतो, गुडघे मात्र उतरतानाच कुरकुरतात. प्रत्येक पायरीला वाकलेल्या गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार तोलतात. त्यांना सूक्ष्म इजा होते व खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. म्हणून काठी घेऊन सावकाश उतरावे. २-३ आठवडे आधीपासून जिना चढण्या-उतरण्याचा सराव ठेवावा. आदल्या दिवशीची धावपळ कामाची नाही.

चढताना छातीत दाब, दरदरून घाम किंवा हाताला कळ आल्यास मात्र ‘दमच लागला’ म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच बसावे, सोबत्यांनी तातडीने दवाखाना गाठावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निरंकार उपवासात गड चढू नये. साखर एकाएकी उतरून भोवळ येते. खिशात खडीसाखर असू द्यावी.