घोरण्यातला घोर

बदलापूरहून पहाटे निघालेली लोकल अंबरनाथ आणि उल्हासनगर मागे टाकून कल्याणला पोहोचेपर्यंत डब्यातील बरीच मंडळी मान टाकून झोपलेली असतात. मुंबईच्या टोकापर्यंतचा सुमारे ६८ किलोमीटरचा प्रवास हा अनेक चाकरमान्यांच्या अपुऱ्या रात्रीचा उत्तरार्धच असतो. मध्येच एखाद्याचा सूर लागतो आणि डबाभर हसू पसरते. त्या हसण्यात सारे एक असले, तरी त्या सुराला प्रत्येकाच्या घरी निराळे नाव आहे. मराठी माणूस त्याला ‘घोरणे’ म्हणतो, हिंदी भाषक ‘खर्राटे’. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी उल्हासनगर वसविले. त्यांच्या सिंधीतही या शब्दाची सुरुवात ‘ख’नेच होते. पंजाबीत ‘घुराडे’, कानडीत ‘गोरके’, तेलुगूत ‘गुरक’, तमिळमध्ये ‘कुरट्टै’, मल्याळममध्ये ‘कूर्कम’. गुजराती मात्र ‘नसकोरां’ म्हणतो, म्हणजे थेट नाकाकडे बोट दाखवितो. आणि बंगाल्याचे तर नाकच ‘हाक मारते’.

आवाज एकच, मग शब्द इतके कसे? फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ध्वनीचे अनुकरण करणारे शब्दही निसर्गाची हुबेहूब नक्कल नसतात, त्यांतही समाजाच्या संकेताचा भाग असतोच, असे त्याचे प्रतिपादन होते. कुत्रा सगळीकडे सारखाच भुंकतो. पण मराठी कानाला ते ‘भो भो’ वाटते आणि जर्मन कानाला ‘वाउवाउ’. घोरण्याचेही तसेच आहे.

तरीही हा संकेत अगदीच स्वैर नाही. युरोपातील शब्द पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. रशियन ‘ख्रापेत’ आणि पोलिश ‘ख्रापाच’ ही भावंडेच. परंतु ज्यांचे इंडो-युरोपीय कुळाशी नाते नाही, त्या हंगेरियनमध्ये ‘होर्कोल’ आणि तुर्कीमध्ये ‘होर्लामाक’ आहे. स्पॅनिश ‘रोंकार’चे मूळ ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या शब्दात आहे, छातीतील घरघरीला डॉक्टर ‘राँकाय’ म्हणतात, तो शब्दही त्याच घरचा. हा झाला कंठाचा पक्ष. दुसरा पक्ष नाकाचा. इंग्रजी ‘स्नोअर’, डच ‘स्नुर्कन’, स्वीडिश ‘स्नार्का’, जर्मन ‘श्नार्खन’ हे शब्द शिंकणे, हुंगणे, जनावराचे नाकाड अशा अर्थांच्या शब्दांच्या पंगतीत बसतात. दोन्ही पक्षांत ‘र’ मात्र जवळजवळ सर्वत्र हजर आहे.

याचे कारण शरीरात सापडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेचा मार्ग अरुंद होतो आणि टाळूचा मागचा मऊ भाग व पडजीभ फडफडू लागतात. क, ख, ग, घ हे वर्ण आपल्या वैयाकरणांनी कंठ्य ठरविले. त्यांचा उच्चार करताना जिभेचा मागचा भाग त्याच मऊ टाळूला टेकतो. म्हणजे ज्या जागी घोरणे घडते, त्याच जागेवरून अनेक भाषांनी त्याचे नाव उच्चारले. बाकीच्यांनी नाकाला दोष दिला; नाक चोंदले की घोरणे वाढते, तेव्हा तेही चुकले असे म्हणवत नाही.

ध्वनीचे भाषांतर असे सुकर असले, तरी ध्वनीमागच्या समजुतीचे काय? मराठीत ‘डाराडूर झोपला’ असे म्हटले की मागे निश्चिंती, सुस्ती आणि थोडी टवाळी येते. कुंभकर्णाची आठवण निघते. जर्मन माणूस बोलीत घोरणाऱ्याला लाकूड कापायला बसवितो. थोडक्यात, घोरणारा हा सर्वत्र विनोदाचा विषय आहे आणि तो सुखाने झोपला आहे, असे सर्वत्र गृहीत धरले जाते.

नेमके हे गृहीतच पुष्कळदा खोटे असते. काही जणांचा श्वासमार्ग झोपेत पूर्णपणे मिटतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा हिसका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. एका रात्रीत असे अनेकदा घडते आणि झोपणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. डिकन्सने १८३६-३७ साली ‘पिकविक पेपर्स’मध्ये सदैव पेंगणाऱ्या लठ्ठ मुलाचे चित्र हसण्यासाठी रेखाटले, १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका व्याधीला पिकविकचे नाव दिले. पुढे तिच्याशी निकटच्या श्वास अडण्याच्या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव मिळाले. रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्याचे नाते आहे. दिवसा येणारी अनावर पेंग वाहन चालविणाऱ्याच्या बाबतीत इतरांच्याही जिवावर बेतते. १९८१ साली ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देऊन मार्ग उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. आज तो जगभर रूढ आहे.

प्रत्येक घोरणारा रोगी असतो असे नव्हे. पण वर पाहिलेल्या साऱ्या शब्दांनी आवाज टिपला, मधली शांतता एकानेही टिपली नाही. धोका आवाजापेक्षा त्या शांततेत अधिक आहे. एका खोलीत चारचौघे झोपणाऱ्या घरात आवाज थांबला की शेजारचा माणूस ‘सुटलो एकदाचे’ म्हणून कूस बदलतो. त्याने त्या क्षणी कान द्यायला हवा, आणि सकाळी चेष्टा करण्याऐवजी ऐकलेले सांगायला हवे. कारण ही हकिगत डॉक्टरला रोगी स्वतः सांगू शकत नाही.

पाणिनीय धातुपाठात ‘घुर्’ या धातूला दोन अर्थ दिले आहेत: भयंकर असणे आणि आवाज करणे. मराठीत काळजीलाही ‘घोर’च म्हणतात. पहाटेच्या गाडीत रोज पेंगणाऱ्या सहप्रवाशाकडे पाहताना हा दुसरा अर्थ आठवला, तर हसण्याआधी चौकशी करण्याचे सुचेल.